अडीचशे रुपयांत हजार वर्षं: 'इंग्रजी साहित्याचे कालखंड' या नोट्सची झडती

जुलै उजाडला की सोलापुरात नवी पेठ आणि सात रस्त्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत काउंटरवर एक जाड स्पायरल दिसायला लागतं. निळं प्लास्टिकचं कव्हर, वर 'इंग्रजी साहित्याचे कालखंड व वैशिष्ट्ये', लेखकाचं नाव कुठेच नाही. बी.ए. स्पेशल इंग्लिश, एम.ए. आणि सेट-नेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) अशा तिन्ही गिऱ्हाइकांना तेच बाड दिलं जातं. ए-फोर आकार, पाठपोट २०८ पानं, मागे घडी घातलेला एक चार्ट, शेवटी उत्तरांसह ४०० एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न. किंमत २५० रुपये. चार-पाच मित्र मिळून आले तर दुकानदार २२० ला देतो. विवेचन मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत, हा याचा मोठा गुण. ज्यांचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, त्यांना अँग्लो-सॅक्सन काळापासून विसाव्या शतकातल्या बेकेटपर्यंतचा पल्ला एकदा तरी आपल्या भाषेत डोळ्यांखालून घालता येतो.

आधी छपाईचं बोलू, कारण निम्मी रड तिथेच आहे. दुकानात मिळते ती प्रत बहुतेक वेळा झेरॉक्सची झेरॉक्स असते. गद्य मजकुराला त्याने फारसं बिघडत नाही. सनावळ्यांना बिघडतं. पुसट प्रतीत इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतात. १६६० (राजेशाही परत आली) आणि १६८८ (दुसऱ्या जेम्सला पळून जावं लागलं) या दोन सनांत हा घोळ झाला की पुढची सगळी संगती कोसळते. घेताना रिस्टोरेशनचं, म्हणजे राजेशाही परत आल्याच्या काळाचं, प्रकरण उघडून हे दोन आकडे वेगळे वाचता येतात का ते पाहा. येत नसतील तर 'मास्टरवरून (मूळ प्रतीवरून) काढून द्या' म्हणून सांगा. थोडं थांबावं लागेल, पण मिळतं. स्पायरलची भोकं समासातला मजकूर खातात, विशेषतः सम क्रमांकाच्या पानांवर, तेही तपासा. जुन्या फॉन्टमधून मजकूर उतरवताना जोडाक्षरांची वाट लागली आहे. 'स्वच्छंदतावाद' (रोमँटिसिझम) हा शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत आढळतो आणि त्यातलं एकही बरोबर नाही.

आता मजकूर. प्रत्येक कालखंडाला सुरुवातीचं आणि शेवटचं साल, राजकीय पार्श्वभूमी, आठ ते दहा वैशिष्ट्यं आणि लेखकांची यादी, असा ठरलेला साचा आहे. परीक्षेला तो सोयीचा वाटतो. पण वैशिष्ट्यं इतकी सरधोपट आहेत की एका काळाचा कागद दुसऱ्यावर चिकटवला तरी चालून जाईल. 'निसर्गप्रेम' तीन प्रकरणांत आहे, 'मानवतावाद' चारांत, 'समाजाचे चित्रण' तर सगळीकडेच. चॉसरच्या एप्रिलमधल्या सरी, ग्रेच्या स्मशानातली संध्याकाळ आणि वर्ड्सवर्थचा डोंगर या तिन्हींत निसर्ग आहे खरा. पण पहिल्यात तो यात्रेला निघायचा हंगाम आहे, दुसऱ्यात उदास चिंतनाचा पडदा आणि तिसऱ्यात माणसाचा गुरू. हा फरक एका वाक्यात सांगता आला असता. तो न सांगितल्यामुळे विद्यार्थी दहा मुद्दे पाठ करतो आणि उतारा समोर आला की कुठला मुद्दा कुठे लावायचा हेच त्याला कळत नाही.

सुरुवातीची प्रकरणं मात्र चांगली उतरली आहेत. जुन्या इंग्रजीची ओळ दोन तुकड्यांत कशी मोडते, चार आघात कुठे पडतात, त्यातले साधारण तीन एकाच ध्वनीने कसे बांधले जातात, हे अनुप्रासाच्या अंगाने नेमकं समजावलं आहे. समुद्राला 'व्हेलचा रस्ता' म्हणण्याची पद्धत, म्हणजे केनिंग, दोन-तीन उदाहरणांनी पक्की होते. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य ३,१८२ ओळींचं आहे, उरलेली एकमेव हस्तलिखित प्रत इ.स. १०००च्या आसपासची आहे आणि काव्य इंग्लंडमध्ये रचलं गेलं तरी कथा स्कँडिनेव्हियात घडते, हे तिन्ही मुद्दे बरोबर दिलेत. शेवटचा मुद्दा भल्याभल्या गाइडांत चुकतो.

चॉसरवर मात्र अन्याय झालाय. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या २४ कथा, मूळ योजना त्याहून कितीतरी मोठी, १३८७च्या सुमारास सुरुवात, हे सगळं आहे. पण त्याची ओळ वाचायची कशी ते नाही. 'कँटरबरी टेल्स'च्या पहिल्याच ओळीच्या शेवटी दोन शब्द येतात. आजच्या जिभेने ते 'शावर्स सूट' असे वाचले जातात आणि ओळ लंगडते. चॉसरच्या काळी शब्दाच्या शेवटचा 'ई' मुका नव्हता. 'शू-रेस सो-टे' असं चार अक्षरांत म्हणा, ओळ चालायला लागते. आणि पुढच्या ओळीतल्या 'रो-टे'शी यमकही जुळतं. चॉसर ओबडधोबड लिहायचा असा समज एके काळी इंग्लंडातही होता, तो हा शेवटचा 'ई' गिळल्यामुळेच. ज्ञानेश्वरीची ओवी आजच्या बोलीच्या उच्चारांनी वाचून पाहा, तिथेही असंच अडखळायला होतं. नोट्समध्ये याला चार ओळी पुरल्या असत्या.

रेनेसाँच्या प्रकरणात राज्यकर्त्यांप्रमाणे पोटविभाग पाडलेत: एलिझाबेथन १५५८ ते १६०३, जेकोबियन १६२५ पर्यंत, कॅरोलाइन १६४९ पर्यंत, मग १६६० पर्यंत कॉमनवेल्थ, म्हणजे राजाविना प्युरिटन राजवट. विभागणी रूढ आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसं नेमून दिलेल्या डब्यात कोंबण्याबद्दल. जॉन डन इथे कॅरोलाइन काळात बसवलाय, कारण त्याच्या कवितांचा संग्रह छापला गेला १६३३ साली. पण डन १६३१ मध्येच वारला होता आणि त्याच्या प्रेमकवितांपैकी बऱ्याच १५९०च्या दशकातल्या मानल्या जातात. म्हणजे शेक्सपिअर लंडनमध्ये नाटकं लिहीत होता तेव्हा हा गडी त्याच शहरात हस्तलिखितं मित्रांमध्ये फिरवत होता. हे कळलं की मेटाफिजिकल कविता, म्हणजे डनच्या वळणाची बुद्धीला ताण देणारी कविता, ही एलिझाबेथन गोडव्याच्या 'नंतरची' राहत नाही, तिच्या शेजारी बसून तिला चिमटे काढणारी ठरते. दूर गेलेल्या प्रियकराची आणि प्रेयसीची जोडी वर्तुळ काढायच्या कंपासच्या दोन पायांसारखी, हे उदाहरण नोट्समध्ये आहे आणि कन्सीट, म्हणजे दूरच्या गोष्टींची ताणून जुळवलेली उपमा, समजायला तेवढं पुरतं. पण 'मेटाफिजिकल' हे नाव त्या कवींनी स्वतःला घेतलेलं नाही. ड्रायडनने १६९३ मध्ये डनला टोमणा मारला, त्यातून शब्द आला; डॉ. जॉन्सनने १७७९ मध्ये काउली या कवीच्या चरित्रात त्याचा शिक्का केला. नोट्स वाचून वाटतं, यांनी मंडळ स्थापून ठराव केला होता.

दोन दुरुस्त्या पेन्सिलने करून घ्या. नाटकगृहं १६४९ साली बंद झाली असं लिहिलंय. ती सप्टेंबर १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर बंद झाली, राजाचं डोकं उडवलं १६४९ ला. आणि मिल्टन प्युरिटन काळात दिलाय, ते ठीक. पण 'पॅरडाइज लॉस्ट' छापलं गेलं १६६७ मध्ये, म्हणजे चार्ल्स दुसरा गादीवर आणि रंगभूमीवर चावट विनोदी नाटकं जोरात असताना. पहिली आवृत्ती १० सर्गांची, १६७४ची १२ सर्गांची. सर्गसंख्या विचारणारा प्रश्न आला तर आवृत्तीचं साल आधी बघायचं.

या सगळ्या बाडात सर्वांत भक्कम भाग १६६० ते १७९८ चा. कुणी जाणत्या माणसाने लिहिलाय, हे शैलीवरूनही कळतं. बाकीच्या प्रकरणांची मराठी अडखळते, इथली सरळ चालते. हिरोइक कपलेट म्हणजे 'दोन ओळींचं यमक' एवढ्यावर सोडलेलं नाही. दहा-दहा अक्षरांच्या दोन ओळी, प्रत्येकीत मध्याजवळ एक थांबा, अर्ध्या भागाला अर्धा भाग तोलून धरणारा, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी वाक्य व अर्थ दोन्ही मिटलेले, असं उलगडून दाखवलंय. त्यामुळे अलेक्झांडर पोपचं काव्य उपरोधाला इतकं का शोभतं ते आपोआप समजतं: टाळी देऊन बंद होणारी पेटी आहे ती. 'रेप ऑफ द लॉक' १७१२ मध्ये दोन सर्गांचं होतं आणि १७१४ मध्ये पाच सर्गांचं झालं, त्यातले वाऱ्यात राहणारे चिमुकले अदृश्य जीव (सिल्फ) दुसऱ्या खेपेला आले, हाही तपशील आहे. रिस्टोरेशन नाटकाबद्दल दोनच परवानाधारक नाट्यमंडळ्या, पहिल्यांदाच रंगमंचावर आलेल्या स्त्रिया, मर्यादित आणि दरबारी प्रेक्षक, अशी कारणं दिलीत. 'नीतिमत्ता ढासळली' या एका ओळीवर बोळवण करणाऱ्या गाइडांपेक्षा हे पुष्कळ पुढचं आहे. कादंबरीचा उगमही नीट: १७१९ला 'रॉबिन्सन क्रूसो', १७४०ला 'पॅमेला', तिची टिंगल करत १७४२ला 'जोसेफ अँड्र्यूज'. फक्त हा भाग वेगळा ६० रुपयांना विकला तरी घ्यावा.

आणि पान उलटलं की रोमँटिक काळ, जिथे सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि सगळ्यात जास्त चुकाही आहेत.

'लिरिकल बॅलड्स'ची प्रसिद्ध प्रस्तावना १७९८ची म्हणून दिली आहे. १७९८च्या पहिल्या आवृत्तीत प्रस्तावना नव्हतीच. एक छोटं निवेदन होतं आणि मुखपृष्ठावर कवींची नावंसुद्धा नव्हती. २३ कवितांपैकी ४ कोलरिजच्या. गाजलेली प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीत आली आणि १८०२ मध्ये वाढवली गेली. त्यातून कवितेची व्याख्या उचलताना नोट्सनी 'उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक' एवढंच उचललंय. त्याच प्रस्तावनेत वर्ड्सवर्थ म्हणतो की ती भावना नंतर निवांतपणी आठवलेली असते, आणि चांगलं लिहिणाऱ्याने दीर्घकाळ खोलवर विचारही केलेला असतो. हा उत्तरार्ध कापला की रोमँटिक कवी म्हणजे भावनेच्या भरात डोळे पुसत लिहिणारा इसम ठरतो. पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत अर्धी व्याख्या लगेच भरते.

कालखंडाची सीमाही घट्ट खिळून टाकलीय: १७९८ ते १८३२. मग ब्लेकचं काय करायचं? त्याची 'साँग्ज ऑफ इनोसन्स' १७८९ची, 'एक्सपिरियन्स' १७९४ची. नोट्सनी त्याला 'पूर्व-रोमँटिक' म्हणून मागच्या प्रकरणाच्या शेपटीला बांधलंय, ग्रे आणि काउपरच्या जोडीला. जेन ऑस्टिनची गोष्ट उलट: 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३चं, म्हणजे तारखेने रोमँटिक, पण वळणाने अठराव्या शतकाची. इथे तिच्या नावापुढे 'निसर्ग, कल्पनाशक्ती, बंडखोरी' हीच तीन लेबलं लावून दिलीत. तिची एकही कादंबरी वाचलेला माणूस हे लिहिणार नाही.

१७९८ मध्ये सोलापूरचे शाहीर राम जोशी लावण्या रचत होते. गावोगावच्या बोलीला कवितेत जागा देण्याचा वर्ड्सवर्थचा आग्रह समजायला आपल्याकडचं हे उदाहरण हाताशी असताना नोट्स 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' असा कोरडा मुद्दा टाकून पुढे जातात. मराठीतल्या समांतरांसाठी एक चौकट मात्र आहे, केशवसुतांपाशी सुरू होऊन मर्ढेकरांपाशी थांबणारी, आणि ती बरी जमलीय. इंग्रजीत जे शंभर-सव्वाशे वर्षांत झालं ते मराठी कवितेत साठेक वर्षांत कसं दाटलं, हे त्या चौकटीत दिसतं.

व्हिक्टोरियन प्रकरण मोठं आहे, ३८ पानांचं, आणि कादंबरीच्या धंद्याबद्दल त्यात जे आहे ते फार उपयोगी आहे. डिकन्सच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांत निघायच्या: एका हप्त्याला ३२ पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग, शेवटचा अंक जोडअंक. तयार पुस्तक घ्यायचं तर तीन खंडांची कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना, म्हणून वाचक म्यूडीसारख्या वाचनालयाची वर्गणी भरायचा. प्रत्येक हप्त्याच्या टोकाला ताणून धरलेली उत्कंठा, पात्रांची ठसठशीत लकब (महिन्याभराने वाचकाला ते पात्र आठवलं पाहिजे ना!), मधल्या खंडातली लांबण, हे सगळं त्या व्यवहारातून आलंय. 'वैशिष्ट्य' या शब्दाला अर्थ असेल तर तो असा, कारणासकट. औद्योगिक कादंबरीचं पानही वाचनीय आहे. १८५४च्या 'हार्ड टाइम्स'मधलं गिरणीचं गाव, धूर, भोंग्यावर चालणारा दिवस, हे ज्या शहरात १८७७ पासून 'जुनी गिरणी' नावाची कापडगिरणी चालली त्या शहरातल्या विद्यार्थ्याला वेगळं समजावून सांगायला लागू नये. घरातल्या आजोबांना पहिल्या पाळीबद्दल विचारलं तरी निम्मं प्रकरण कळेल.

पण याच प्रकरणात एक नेहमीची चूक आहे. टेनिसनच्या 'इन मेमोरियम'मधली श्रद्धेची डळमळ डार्विनच्या सिद्धांताचा परिणाम म्हणून दिली आहे. काव्य छापलं गेलं १८५० साली, डार्विनचं पुस्तक आलं १८५९ ला. टेनिसनला हादरवलं होतं ते भूगर्भशास्त्राने, प्रामुख्याने लायेलच्या १८३० ते १८३३ मधल्या खंडांनी: खडकांत जातीच्या जाती नामशेष झालेल्या दिसतात, मग निसर्गाला कुणाची काळजी आहे म्हणायचं? 'कारण आणि परिणाम' जोडीच्या प्रश्नात हा सापळा हमखास लावता येतो. ऑर्नल्डचं 'डोव्हर बीच' १८६७ मध्ये छापलं गेलं, पण ते बहुधा १८५१च्या सुमारास लिहिलेलं मानतात, त्यामुळे तिथेही डार्विनची सावली म्हणताना जपून.

हॉपकिन्स कुठे ठेवायचा यावर नोट्स गप्प आहेत. तो दोन्ही प्रकरणांत नाही, गळालाच आहे. वारला १८८९ मध्ये, कविता पुस्तकरूपाने आल्या १९१८ मध्ये. लिहिला व्हिक्टोरियन काळात, वाचला गेला आधुनिकांबरोबर. समासात दोन्ही सनं लिहून ठेवा.

विसाव्या शतकाचा भाग घाईत उरकलाय. १९२२ हे वर्ष, जॉइसची कादंबरी 'युलिसिस' आणि एलियटचं ४३४ ओळींचं काव्य 'वेस्ट लँड', एवढं ठळक आहे. पण आधुनिकता म्हणजे 'युद्धानंतरची निराशा' हे समीकरण प्रत्येक परिच्छेदात येतं, आणि तुकडे जोडण्याची, दृष्टिकोन बदलत नेण्याची तंत्रं एका ओळीत संपतात. संज्ञाप्रवाह आणि अंतर्गत स्वगत एकच मानलेत. संज्ञाप्रवाह ही मनात काय चाललंय ती वस्तू; अंतर्गत स्वगत ही ती कागदावर उतरवण्याच्या रीतींपैकी एक. 'मिसेस डॅलोवे'त वुल्फ बहुतेक ठिकाणी तृतीयपुरुषातच राहते आणि तरी आपण पात्राच्या डोक्यात असतो. 'युलिसिस'च्या शेवटच्या प्रकरणात मॉली थेट 'मी' म्हणून बोलते. दोन्हींतली चार-चार वाक्यं शेजारी ठेवली असती तर काम झालं असतं. उत्तर-आधुनिक काळाला अडीच पानं आहेत, त्यातलं एक लेखकांच्या नावांचं. ते सोडून द्या.

आता एमसीक्यू. सेटच्या दुसऱ्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास; चुकीला वजाबाकी नाही. अभ्यासक्रम कालखंडांवर बेतलेला नाही, नाटक, कविता, कादंबरी, गद्य, भाषा, समीक्षा अशा घटकांवर आहे. तरी कालानुक्रम लावा आणि जोड्या जुळवा हे प्रश्न येतातच, म्हणून सनावळीचा फायदा होतो. या ४०० प्रश्नांत 'कोणी लिहिले' छापाचे फार आणि क्रम लावायचे फार थोडे. उत्तरतालिकेत वर सांगितलेल्या चुका जशाच्या तशा आहेत, प्रस्तावनेचं १७९८ धरून. तालिकेवर विसंबू नका. शंका आली की कॉलेजच्या ग्रंथालयात एम. एच. अब्राम्सचा साहित्यसंज्ञांचा कोश काढा. त्यात इंग्रजी साहित्याच्या कालखंडांवर स्वतंत्र नोंद आहे आणि पोटविभागही सनांसह दिलेत.

नोट्समध्ये एक गोष्ट अजिबात नाही, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याला तीच लागते: अनोळखी उतारा बघून काळ ओळखणं. पद्धत अशी. आधी ओळींच्या उजव्या कडेने खाली उतरा. यमक नाही, पण ओळी दहा अक्षरांच्या आहेत, म्हणजे ब्लँक व्हर्स. सरे या कवीने १५४०च्या सुमारास ते इंग्रजीत आणलं, त्यामुळे उतारा त्याआधीचा नाही. यमक जोडीने आहे का? मग अर्थ कुठे थांबतो ते बघा. प्रत्येक जोडीला पूर्णविराम मिळत असेल तर ड्रायडन-पोपच्या बाजूला झुका. वाक्य जोडी ओलांडून पुढे वाहत असेल तर कीट्ससारख्याची शक्यता धरा, त्यालाही कपलेट आवडायचा. चॉसरही जोडीनेच लिहायचा, पण त्याचं स्पेलिंग त्याला लपू देत नाही. त्यानंतर नामं पाहा. आशा, कीर्ती, महत्त्वाकांक्षा यांना मोठं अक्षर देऊन माणसांसारखं चालवलंय तर अठरावं शतक. बोलणारा 'मी' आहे, समोर ऐकणारा कुणीतरी आहे आणि बोलता बोलता तो स्वतःचंच बिंग फोडतोय, तर ब्राउनिंगचं नाट्यात्मक स्वगत. शब्दसंग्रह सर्वांत शेवटी तपासायचा. जुने सर्वनाम दिसलं की लगेच 'एलिझाबेथन' लिहून मोकळं होण्याची चूक सगळे करतात. ती जुनी सर्वनामं रोमँटिक आणि व्हिक्टोरियन कवींनीही बिनदिक्कत वापरली आहेत.

घ्यायचं का? बी.ए.ला असाल तर घ्या, वरच्या दुरुस्त्या पहिल्याच दिवशी करून. सेटची तयारी असेल तर मधला १६६० ते १७९८ चा भाग आणि व्हिक्टोरियन प्रकरण मित्राच्या बाडातून काढून घ्या, साठ-सत्तर रुपयांत होईल, आणि उरलेले पैसे मागच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रिंटला घाला. मागचा चार्ट भिंतीला डकवणार असाल तर आधी त्यातला 'जॉर्जियन' हा शब्द शोधा. तो दोनदा आलाय आणि दोन्हीकडे सनं एकच छापलीत. पहिला जॉर्जियन चार जॉर्ज राजांचा, १७१४ ते १८३०. दुसरा पाचव्या जॉर्जचा, १९१० ते १९३६, आणि 'जॉर्जियन पोएट्री' नावाचे पाच संग्रह त्यातले, १९१२ ते १९२२ दरम्यानचे. घडीवर शाई उडालेली असते, तिथे बॉलपेननेच लिहा.